प्रश्न तुमचे : एका रात्री दोन सिंथपॉप बँड

पेट शॉप बॉइज आणि न्यू ऑर्डर या दोन ब्रिटिश बँडनी सप्टेंबर २०२२ मध्ये टोरांटोपासून उत्तर अमेरिकेचा जोडदौरा सुरू केला. तो खरं तर २०२० साली व्हायचा होता, कोविडमुळे लांबला. एका तिकिटात दोन पूर्ण बँड, दोघांकडेही यंत्रांचा डोंगर. त्याचं छोटं रूप आता आपल्याकडच्या सभागृहांतही दिसू लागलंय आणि त्याबरोबर आमच्याकडे येणारी पत्रंही वाढली आहेत. त्यांतली काही निवडून उत्तरं देत आहोत.

आम्ही तिघं आणि दुसरा एक बँड मिळून तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात कार्यक्रम करतोय. दोघांचे मिळून अकरा सिंथ (सिंथेसायझर) आहेत. मांडायचे कसे, आणि मध्ये किती वेळ ठेवायचा? – पुणे

साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी) उलट्या क्रमाने करा. जो बँड शेवटी वाजवणार त्याने दुपारी आधी मांडायचं, लेव्हल लावायच्या आणि सामान जोडलेल्या अवस्थेतच मागे सरकवायचं. मग पहिल्या बँडने पुढे मांडायचं. त्यांचा साउंडचेक प्रेक्षक आत येण्याआधी संपतो आणि सामान जागचं हलत नाही. क्रम चुकवलात तर एकाच दिवसात तीनदा मांडामांड होते.

मागे सरकवायचं म्हणजे अक्षरशः सरकवायचं. आठ बाय चार फुटांचा, ब्रेकवाल्या चाकांचा एक प्लॅटफॉर्म प्रत्येक बँडला द्या. सिंथ, स्टँड, पॉवर बोर्ड, डीआय बॉक्स (सिंथचा सिग्नल मिक्सरला योग्य करणारी डबी) आणि स्टेज बॉक्स (सगळ्या ऑडिओ केबल एकत्र घेणारी पेटी) सगळं त्यावरच. बाहेर फक्त दोनच केबल जाव्यात, एक मल्टिकोअरची (सगळे चॅनल एकत्र मिक्सरकडे नेणारी) आणि एक विजेची. मग पंचवीस मिनिटं पुरतात: पाच काढायला, पाच आणायला, दहा लाइन चेकला (प्रत्येक चॅनलवर आवाज येतो का ते बघायला) आणि पाच हातात. चाकं नसतील तर पंचेचाळीस धरा.

एका बँडला साधारण बारा चॅनल लागतात. किक, स्नेअर आणि टाळ्या, बेस, सीक्वेन्स डावा-उजवा, पॅड डावा-उजवा, हाताने वाजवायचे दोन सिंथ, दोन माइक, हे झाले अकरा. बारावा क्लिकचा, म्हणजे लय धरायला वादकांच्या कानात जाणाऱ्या टिक्-टिक् आवाजाचा. हा क्लिक मुख्य बसला (प्रेक्षकांच्या स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेला) असाइनच करू नका. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ठेवून भागत नाही, कारण घाईत कुणाचा तरी हात लागतोच, आणि तीनशे माणसांना टिक्-टिक् ऐकू जाते.

मिक्सर ३२ चॅनलचा असेल तर पहिल्या बँडला १ ते १२, दुसऱ्याला १७ ते २८ द्या. त्याच चॅनलवर दोन सीन (मिक्सरच्या साठवलेल्या सेटिंग) सेव्ह करून बदलायचा मोह होतो, पण सीन बदलला की माइकचा गेन आणि फँटम पॉवरही बदलू शकते, आणि चुकीच्या सीनवर पडलेलं बोट निस्तरायला दोन गाणी जातात.

सिंथ उसने देऊ-घेऊ नका, ‘तुमचाच वापरतो, माझा आणत नाही’ असं कोणी प्रेमाने म्हटलं तरी. दुसऱ्याच्या सिंथवरचे पॅच (साठवलेले आवाज), मिडी (इलेक्ट्रॉनिक वाद्यांची एकमेकांशी बोलायची भाषा) चॅनल, पिचबेंडची मर्यादा सगळं वेगळं असतं.

शेवट कोणी करायचा यावरून भांडण होत असेल तर पेट शॉप बॉइज आणि न्यू ऑर्डरची रीत बघा. त्यांनी दौऱ्यात शेवटची जागा आलटून-पालटून घेतली. तुमचा एकच प्रयोग असेल तर नाणं उडवा, पण साउंडचेकच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी दुपारी नको.

आमच्या सेटमध्ये सतत घूं असा आवाज येतो. साउंडवाला म्हणतो सिंथ खराब आहे. घरी मात्र तोच सिंथ शांत असतो. – कोल्हापूर

सिंथ बहुतेक ठणठणीत आहे. घरी तो एकटा असतो आणि स्टेजवर लॅपटॉपला, इंटरफेसला (लॅपटॉपचा आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेटीला), मिक्सरला जोडलेला. या प्रत्येक वस्तूला विजेच्या प्लगमधून अर्थ मिळतो आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून तोच अर्थ दुसऱ्यांदा मिळतो. असं एक वर्तुळ तयार होतं, त्यातून ५० हर्ट्‌झचा बारीक प्रवाह फिरतो, आणि तो तुम्हाला ऐकू येतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

आधी आवाज ओळखा. खोल, घुमणारा ‘घूं’ असेल तर लूप. कर्कश ‘झर्र’ असेल आणि लाइट मंद केल्यावर बदलत असेल तर डिमरचा त्रास. माउस हलवला की बारीक शिट्टी बदलते? मग तो लॅपटॉपचा यूएसबीमधून येणारा कचरा.

मग या क्रमाने शोधा. सिंथचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर दोष जोडणीत आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गप्प झाला तर वर्तुळ लॅपटॉपमधून जातंय. तरीही राहिला तर ऑडिओ केबल एकेक करून काढा, दर वेळी त्या चॅनलचा फेडर खाली घेऊनच. दहा मिनिटांत गुन्हेगार सापडतो.

उपाय ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआय बॉक्सचा. सिंथ आणि स्टेज बॉक्सच्या मध्ये तो लावा आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ट्रान्सफॉर्मरच्या आत दोन बाजूंना तारेने जोडलेलं काहीच नसतं. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून जातो, त्यामुळे वर्तुळ तुटतं. स्टीरिओ सिंथला दोन चॅनलचा डीआय घ्या. यूएसबी आयसोलेटर विकत घेण्याआधी त्याचा वेग बघा. स्वस्तातले बरेचसे १२ मेगाबिटवर थांबतात, आणि आठ चॅनलच्या इंटरफेसला ४८० लागतात. लावल्यावर इंटरफेस दिसलाच नाही तर कारण हेच.

प्लगची अर्थची पिन मात्र कापू नका, टेप लावून झाकूही नका. घूं जातो हे खरं, पण मग सिंथच्या पत्र्यावर वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाटच राहत नाही. गायकाचे ओठ माइकला, बोटं सिंथला, आणि वाट त्याच्या अंगातून. लिफ्ट ऑडिओच्या केबलवर करायची असते, विजेच्या केबलवर कधीच नाही.

दोन्ही बँडच्या सगळ्या ऑडिओला वीज एकाच फेजवरून, एकाच बोर्डातून द्या. पाच-सहा सिंथ, दोन लॅपटॉप, इंटरफेस मिळून हजार वॅटही होत नाहीत, एक १६ अँपिअरचा सॉकेट भरपूर झाला. लाइट आणि एलईडी वॉल दुसऱ्या फेजवर. आणि काहीही लावण्याआधी मल्टिमीटर: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तीन फेजच्या बोर्डात न्यूट्रल सैल असेल तर एखाद्या सॉकेटवर ४०० च्या जवळपास व्होल्टेज चढू शकतं, आणि त्यात सगळ्या सिंथचे पॉवर सप्लाय जातात. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर हे मोजल्याशिवाय एकही प्लग लावू देऊ नका. लाइटवाला हसला तर हसू द्या.

जपानी बाजारासाठी बनलेले जुने सिंथ १०० व्होल्टचे असतात. आपल्याकडे ११० चा ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो म्हणून तोच लावतात. दहा टक्के जास्तीचं व्होल्टेज रोज सोसून रेग्युलेटर तापतो आणि एक दिवस मधल्या गाण्यात बसतो. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचून त्याच आकड्याचा ट्रान्सफॉर्मर घ्या.

दोन्ही बँडनी शेवटी मिळून एक गाणं करायचं ठरवलंय. आमचं ड्रम मशीन आणि त्यांचा लॅपटॉप पुढेमागे होतात. कितीही प्रयत्न केला तरी तिसऱ्या कडव्यापर्यंत फाटतातच. – मुंबई

फाटतात, कारण दोघंही आपापल्या घड्याळावर चाललेत. दोन्हीकडे १२० लिहिलं म्हणजे दोन्ही १२० वर चालतात असं नाही. एकाचं १२०.०० आणि दुसऱ्याचं १२०.०५ असेल तरी चार मिनिटांत दहावा भाग सेकंदाचा फरक पडतो, आणि तो कुणालाही कळतो.

मालक एकच असू द्या. एका यंत्राने मिडी क्लॉक पाठवायचा, दुसऱ्याने तो घ्यायचा. क्लॉक म्हणजे एका मात्रेला २४ ठोके. १२० च्या लयीत दर २०.८ मिलिसेकंदांनी एक. घेणाऱ्या यंत्रावर क्लॉक ‘एक्स्टर्नल’ करा आणि ते क्लॉक परत पाठवत नाही ना ते बघा. दोन्हीकडून पाठवणं चालू राहिलं की लय थरथरते, आणि लोक केबलला दोष देत बसतात.

जुनी यंत्रं असतील तर ठोक्यांचा हिशेब वेगळा. रोलँडच्या डिन-सिंकला (मिडीच्या आधीची लय जुळवायची पद्धत) मात्रेला २४, कॉर्गच्या जुन्या यंत्रांना ४८, कॉर्गच्याच छोट्या व्होल्काला फक्त २. डिन-सिंकचा प्लग दिसायला हुबेहूब मिडीसारखा, पण आतला व्यवहार निराळा. मिडीची केबल त्यात घातली की काहीच होत नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली ज्यांच्यावर राग वाजवले ती टीआर-८०८ आणि टीबी-३०३ याच घराण्यातली, मिडी यायच्या आधीची. मिडी १९८३ चं.

मिडी हळू चालतं हेही लक्षात घ्या. सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एका सुराच्या संदेशाला जवळपास एक मिलिसेकंद. एकाच केबलवरून दहा सुरांचा पॅड आणि ड्रम एकदम सोडले तर शेवटचा ड्रम दहा मिलिसेकंद मागे पडतो. ड्रमला वेगळा पोर्ट द्या. थ्रू-मधून (आलेला मिडी पुढे देणाऱ्या सॉकेटमधून) तीनापेक्षा जास्त यंत्रांची माळ लावू नका, थ्रू बॉक्स घ्या. केबल १५ मीटरच्या आत.

वायरलेसवरून दोन लॅपटॉप जुळवायचे असतील तर रिकाम्या हॉलमध्ये ते छान चालतं. तीनशे फोन आत आल्यावर त्याच नेटवर्कची काय गत होते ते साउंडचेकला कळत नाही. राउटरला केबलनेच जोडा.

एवढं सगळं सांगितलं, तरी आमचा सल्ला वेगळाच आहे: जोडूच नका. दुसऱ्या बँडकडून त्यांचे भाग वेगवेगळ्या फाइलमध्ये घ्या, सगळ्या २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झ, सगळ्या पहिल्या मात्रेपासून सुरू होणाऱ्या, पुढे दोन आवर्तनं रिकामी. एका लॅपटॉपवरून सगळं वाजवा, हाताने वाजवायचं ते हाताने. सॅम्पल रेट मात्र तपासा. ४४.१ ची फाइल एखाद्या साध्या प्लेअरने ४८ वर वाजवली तर ती जवळपास दीड अर्धस्वर (सेमिटोन) चढते आणि जलदही होते. गायकाला वाटतं आपलाच सूर गेला.

आणि एकमेकांना वेजमधून (स्टेजवर वादकांसाठी ठेवलेल्या तिरक्या स्पीकरमधून) ऐकू नका. आवाजाला एक मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. दहा मीटर रुंद स्टेजच्या दुसऱ्या टोकाचा ठेका तुमच्यापर्यंत तीस मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोघांनीही कानात इअरफोन घालून एकच क्लिक ऐका.

आमचा जुना अ‍ॅनालॉग सिंथ साउंडचेकला सुरात असतो, कार्यक्रमात उतरतो. – नाशिक

तुमच्या सिंथमध्ये बहुधा एक व्होल्टला एक सप्तक असा हिशेब असतो, आणि तो हिशेब करणारा ट्रान्झिस्टर तापमानाला संवेदनशील असतो. भरपाईची सोय नसेल तर एका अंशाला सुमारे ०.३३ टक्के फरक पडतो. तीन सप्तकांवर तो बारा सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) होतो, आणि बारा सेंट कान पकडतो. चांगल्या सिंथमध्ये भरपाईचा रेझिस्टर असतोच, पण तो ट्रान्झिस्टर जितका तापतो तितकाच तापला पाहिजे. एसीचा झोत एका बाजूने, स्टेजचा तापणारा ‘पार’ (PAR) दिवा दुसऱ्या बाजूने, मग ते जमत नाही.

साउंडचेकनंतर सिंथ बंद करू नका. चालू करून किमान ४५ मिनिटं झाल्याशिवाय सूर लावू नका, आणि शेवटचा सूर प्रयोगाच्या आधी, लाइट पूर्ण लागलेले असताना लावा. नुसता एक सूर जुळवून सोडू नका. खालचा सा आणि तीन सप्तकं वरचा सा, दोन्ही तपासा. खालचा जुळतो आणि वरचा नाही, तर चूक सुराची नाही, स्केलची (सप्तकांमधल्या अंतराची) आहे, आणि ती पुढच्या बटणाने दुरुस्त होत नाही.

१९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथला स्वतः सूर लावायचं बटण होतं. गाण्यांच्या मध्ये दाबा. जुनो-६० आणि जुनो-१०६ मध्ये ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर बांधलेले असल्यामुळे ते उतरतच नाहीत. बाकीच्यांनी तबलजीकडे बघावं. तो भर मैफलीत हातोडी काढून सूर लावतो आणि कुणी नाक मुरडत नाही.

मध्येच लॅपटॉप बंद पडला तर? – छत्रपती संभाजीनगर

मोठे बँड दोन लॅपटॉप एकाच वेळी चालवतात आणि मध्ये आपोआप बदलणारा इंटरफेस ठेवतात. पहिला लॅपटॉप एका चॅनलवर सतत एक स्वर पाठवत असतो. तो स्वर थांबला की इंटरफेस दुसऱ्यावर जातो. याचा खर्च बराच आहे.

स्वस्तातला मार्ग: मेमरी कार्डवर चालणारा छोटा रेकॉर्डर. प्रत्येक गाण्याची एक स्टीरिओ फाइल करा, डावीकडे सगळं संगीत मोनोमध्ये, उजवीकडे क्लिक. दोन डीआय, दोन जादा चॅनल, म्यूट करून तयार. लॅपटॉप गेला तर पुढचं गाणं यावरून.

पण आधी लॅपटॉप जायची कारणं काढा. वायफाय, ब्लूटूथ, अपडेट, नोटिफिकेशन, झोपेची सेटिंग सगळं बंद. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो): नुसते ट्रॅक सोडायचे असतील तर ५१२ सॅम्पल, हाताने सॉफ्टवेअर सिंथ वाजवायचा असेल तर १२८. ४८ किलोहर्ट्‌झवर २५६ चा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, एवढं बोटांना चालतं. जड प्लगइन आधीच ऑडिओ करून ठेवा. आणि चार्जर लावलाय, पण बोर्डाचं बटण चालू आहे का? बॅटरी संपून बंद पडलेले लॅपटॉप ‘क्रॅश’ या नावाने फार खपतात.

सगळं आधीच भरून आणतात, मग याला प्रत्यक्ष कार्यक्रम का म्हणायचं? – सातारा

प्रश्न जुना आहे. ओएमडी हा लिव्हरपूलजवळचा बँड १९७८ साली लिव्हरपूलच्या एरिक्स क्लबमध्ये पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा दोन माणसं आणि एक चार ट्रॅकचा टीअ‍ॅक टेपरेकॉर्डर होता. टेपला त्यांनी विन्स्टन असं नावही दिलं होतं आणि तो स्टेजवर सगळ्यांना दिसेल असा ठेवत. लपवाछपवी नव्हती. दहा वर्षांनी, १८ जून १९८८ ला, हाच ओएमडी कॅलिफोर्नियात पासाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमवर डेपेश मोड या ब्रिटिश बँडच्या आधी वाजवत होता. साठ हजारांवर माणसं होती, आणि तिथेही यंत्रं पुष्कळ काम करत होती.

न्यू ऑर्डरची वाट उलटी. त्यांच्या बर्नार्ड समनरने किट आणून घरी जोडलेला सीक्वेन्सर (ठरवलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र) घेऊन ते यंत्रं स्टेजवरच चालवत. १९८३ साली बीबीसीच्या कार्यक्रमात इतर बँड ओठ हलवत असताना हे खरोखर वाजवायला गेले आणि यंत्रांनी दगा दिला.

आमच्या मते टेपवर काय आहे यापेक्षा स्टेजवर काय बदलू शकतं ते बघावं. गायन प्रत्यक्ष आहे का, फिल्टर हाताने फिरतोय का, गाणं चार आवर्तनं लांबवता येतं का? तिन्हीची उत्तरं नाही असतील तर तुमची तक्रार रास्त आहे.

दोन बँड, आणि दहाची वेळ. जमवायचं कसं? – ठाणे

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बंद सभागृहाला आतल्यापुरती सूट आहे, पण तुमच्या परवान्यावर जी वेळ लिहिलीय तीच खरी. उघड्यावर असाल तर मैदानाच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा एकूण ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत हवा. सिंथचा बेस भिंती ओलांडतो आणि तक्रार त्याचीच येते. सब (बेसचे मोठे स्पीकर) स्टेजच्या मधोमध एकत्र ठेवा, दोन टोकांना नको.

दारं ६.१५, पहिला बँड ६.४५ ते ७.३५, बदल २५ मिनिटं, दुसरा ८ ते ९.१५, एकत्र गाणं ९.२५ पर्यंत. उरलेली ३५ मिनिटं रिकामी समजू नका, ती आधीच खर्च झालेली असतात. दुसऱ्या कुणाची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा) परवाना आधी घ्या.

मी मँचेस्टरला शिकतो. अशा कार्यक्रमाला पहिल्यांदा जातोय. कुठे उभं राहू? – मँचेस्टर

मिक्सरच्या जवळ, त्याच्या थोडं पुढे. जो आवाज ठरवतो तो तिथेच उभा असतो. स्पीकरसमोर उभं राहिलात तर एकच बाजू ऐकू येते, आणि अगदी पुढे मधोमध गायन कमी, बेस जास्त.

इअरप्लग घ्या, १५ ते २० डेसिबल कमी करणारे, संगीतासाठी बनवलेले. फोमचे वरचे सूर खातात आणि सिंथची चमक जाते. १०० डेसिबलला कानाला सुरक्षित वेळ साधारण १५ मिनिटं धरतात, आणि तुम्ही दोन बँड ऐकणार आहात. बदलाच्या पंचवीस मिनिटांत बाहेर लॉबीत जाऊन बसा.